पुरावा कुठे मागायचा आणि पसंती कुठे विचारायची

‘लस सक्तीची असावी का?’ असा विषय वादविवादाला आला की पहिलं काम ठरलेलं असतं. कागदाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे फायदे लिहायचे, उजवीकडे तोटे. उजवीकडे बहुतेक वेळा या तीन ओळी येतात: लशीमुळे मुलांना ऑटिझम होतो. क्वचित एखाद्याला लशीची गंभीर ॲलर्जी येते. माझ्या शरीरात काय टोचायचं हे सरकारने ठरवू नये. तिन्ही एकाखाली एक, सारख्याच मानाने बसलेल्या. मग दोन्हीकडच्या ओळी मोजल्या जातात आणि ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ असा निकाल लागतो. तो निकाल चुकीचा असतो, कारण या तीन ओळी एका जातीच्या नाहीतच.

पहिल्या ओळीत जगाबद्दलचा दावा आहे. तो तपासता येतो आणि तपासून झालेला आहे. १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १२ मुलांवर आधारलेला लेख आला आणि गोवर, गालगुंड, रुबेलाच्या एकत्रित लशीवर संशयाची सुई वळली. २०१० मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांची ब्रिटनमधली वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण जास्त आढळलं नाही. तेव्हा ही ओळ उजवीकडून डावीकडे सरकवायची नाही, कागदावरून खोडून टाकायची.

दुसरी ओळ खरी आहे, पण तिच्या शेजारी आकडा लिहिल्याशिवाय ती काहीच सांगत नाही. जिवावर बेतू शकणारी ॲलर्जी दहा लाख मात्रांमागे एखाद-दुसऱ्या वेळी येते आणि ती बहुधा टोचल्यानंतर थोड्याच वेळात दिसते. म्हणूनच लस घेतल्यावर काही मिनिटं बसवून ठेवतात.

तिसरी ओळ मात्र कितीही मुलांचा अभ्यास केला तरी खोडता येणार नाही. व्यक्तीचं स्वातंत्र्य कुठे थांबतं आणि समाजाचा हक्क कुठे सुरू होतो, हा तिचा विषय आहे. देवीच्या लशीवरून हा झगडा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच रंगला होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८५३ पासून बाळांना लस टोचणं सक्तीचं होतं, पण १८९८ च्या कायद्याने सदसद्विवेकाला पटत नाही असं सांगणाऱ्या पालकांना सूट दिली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये उलट कौल दिला: साथ रोखण्यासाठी राज्य सक्ती करू शकतं, नकार देणाऱ्याला दंडही करू शकतं. रोग तोच, लस तीच. दोघांनी माणूस आणि समाज यांना वेगळं वजन दिलं, एवढाच फरक.

तर हे दोन वाद आहेत. एक वस्तुस्थितीचा: काय घडतं, किती घडतं, कशामुळे घडतं. दुसरा मूल्यांचा: काय चालवून घ्यायचं, कोणाच्या वाट्याला काय यावं, कशासाठी काय सोडायचं. पहिल्यात हरणारा चुकीचा ठरतो. दुसऱ्यात तो फक्त अल्पमतात जातो, आणि उद्या बहुमतातही येऊ शकतो.

कागदावर हे सोपं वाटतं, पण बोलताना दोन्ही एकाच वाक्यात गुंतलेले असतात. ‘अणुऊर्जा धोकादायक आहे’ हे वाक्य घ्या. धोका किती, हा त्यातला मोजता येणारा भाग. चेर्नोबिल आणि फुकुशिमा इथले अणुभट्ट्यांचे अपघात धरूनही, तेवढ्याच विजेमागे कोळशामुळे होणारे मृत्यू अणुऊर्जेपेक्षा शेकडो पटींनी जास्त आहेत. त्यातले बहुतेक हवेच्या प्रदूषणाने होतात, म्हणून ते बातमीत दिसत नाहीत. पण चेर्नोबिलच्या स्फोटानंतर प्रिप्यत हे सुमारे ४९ हजार वस्तीचं शहर रिकामं करावं लागलं आणि ते आजही ओस आहे. अणुकचरा हजारो वर्षं सांभाळावा लागतो. रोज थोडी थोडी आणि नजरेआड होणारी हानी पत्करायची, की क्वचित येणाऱ्या पण अख्खं शहर उठवणाऱ्या संकटाची टांगती तलवार? न जन्मलेल्या पिढ्यांवर आपण किती ओझं टाकावं? याचं उत्तर किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात नाही. फ्रान्समध्ये दोनतृतीयांशच्या आसपास वीज अणुभट्ट्यांतून येते. शेजारच्या जर्मनीने उरलेल्या तीन भट्ट्या १५ एप्रिल २०२३ रोजी बंद केल्या. सीमा ओलांडली म्हणून भौतिकशास्त्र बदलत नाही.

अणुऊर्जा कोळशापेक्षा जास्त माणसं मारते, असं कोणी म्हटलं तर ते मी मान्य करणार नाही. पण शहर सोडावं लागण्याची एवढीशी शक्यताही मला नको, असं कोणी म्हटलं तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्याच्याशी बोलायचं ते वेगळ्या पातळीवर.

या दोन वादांची गल्लत केली की नुकसान दोन्हीकडून होतं. तपासता येणारी गोष्ट ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणून खपवली, तर पुरावा असूनही निर्णय लांबतो. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध १९५० मध्ये दाखवला होता. जानेवारी १९५४ मध्ये तंबाखू कंपन्यांनी अमेरिकेतल्या शेकडो वर्तमानपत्रांत निवेदन छापून, संशोधकांत अजून एकमत नाही, असं लोकांच्या मनावर बिंबवायला घेतलं. १९६९ मधल्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर शंका हेच आपलं उत्पादन, असं सरळ लिहिलेलं होतं. ‘दोन्ही बाजू ऐकून घ्या’ हे न्याय्य वाटणारं वाक्य तिथे माणसांच्या जिवावर उठलं.

उलटी चूकही तितकीच वाईट आणि तिच्याबद्दल आपण कमी बोलतो. कोविडच्या काळात ‘विज्ञान सांगतं, शाळा बंद ठेवा’ असं अनेक देशांत म्हटलं गेलं. शाळा उघडल्यास संसर्ग किती वाढेल आणि बंद ठेवल्यास शिक्षणाचं किती नुकसान होईल, याचा अंदाज विज्ञान देऊ शकतं. आजी-आजोबांचा जीव आणि मुलांचं वर्ष यांत कशाला किती महत्त्व द्यायचं, हे ते सांगत नाही. ते माणसांनी ठरवलं आणि नाव विज्ञानाचं घेतलं. मग ज्यांना तो निर्णय पटला नाही त्यांचा राग विज्ञानावर निघाला. याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण गमावलेला विश्वास पुढच्या साथीच्या वेळी मागून मिळत नाही.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे जिथे प्रश्न वस्तुस्थितीचा आहे, पण पुरावा अपुरा आहे. फाशीच्या शिक्षेने खुनांना आळा बसतो का? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये तोवरचे अभ्यास तपासून सांगितलं की त्यांवरून आळा बसतो असंही म्हणता येत नाही आणि बसत नाही असंही. तरी दोन्हीकडचे लोक छातीठोक आकडे फेकतात. अशा वेळी समोरच्याला मी एकच प्रश्न विचारते: याच्या उलट पुरावा उद्या पक्का मिळाला तर तुमचं मत बदलेल का? समर्थक म्हणाला ‘नाही, खुन्याला ती शिक्षा व्हायलाच हवी’, तर त्याचा मुद्दा धाक बसण्याचा नव्हताच, न्यायाच्या कल्पनेचा होता. विरोधक म्हणाला ‘नाही, राज्याने कोणाचा जीव घेऊच नये’, तर त्याचंही तेच. आकडे बाजूला ठेवून मग दोघांना त्या न्यायाबद्दल बोलता येतं. आणि तिथेही एक वस्तुस्थिती दोघांपुढे ठेवावी लागते: फाशी सुनावल्यानंतर निर्दोष ठरून सुटलेल्यांची संख्या १९७३ पासून एकट्या अमेरिकेत सुमारे २०० आहे. ती किती म्हणायची, हे मात्र दोघांनी आपापलं ठरवायचं.