वस्तुनिष्ठ वास्तव

पाहणारा कोणी असो वा नसो, स्वतःच्या ठिकाणी जसे आहे तसेच राहणारे जग म्हणजे वस्तुनिष्ठ वास्तव. असे जग आहे हे आपल्याला खात्रीने कळू शकते का, हा तत्त्वज्ञानातला जुना वाद आहे आणि गोव्याला तो परका नाही. फोंडा तालुक्यातला कवळ्याचा मठ ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या गौडपादाचार्यांनी मांडूक्य उपनिषदावरच्या आपल्या मांडूक्यकारिकेच्या चौथ्या प्रकरणात तो मांडला आहे. प्रकरणाचे नाव अलातशांती. अलात म्हणजे कोलीत. चुलीतले पेटते लाकूड अंधारात गरगर फिरवले की लाल कडे दिसते. हात थांबला की कडे नाही. ते बाहेरून आले नव्हते, थांबल्यावर कोलितात परत शिरलेही नाही. जगाचा भास चित्ताच्या अशाच स्पंदनातून उठतो, असे आचार्यांचे म्हणणे.

परंपरेने त्यांचे प्रशिष्य मानलेल्या शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात (२.२.२८) बाह्य वस्तू नाकारणाऱ्या विज्ञानवादी बौद्धांचे खंडन केले. खांब, भिंत, घडा आपण बाहेरचे म्हणूनच अनुभवतो. ते नाकारणे म्हणजे जेवून तृप्त होत असताना ‘मी जेवत नाही’ म्हणणे. अंतिम सत्य त्यांच्या मते ब्रह्मच, पण व्यवहारात जग खरे. शंकराचार्यांनी जगाला सरसकट खोटे ठरवले, असे जे सांगितले जाते ते म्हणूनच अर्धवट आहे.

युरोपात जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ साली म्हटले, की वस्तू स्वतःत कशी आहे ते कळत नाही. देश (म्हणजे अवकाश) आणि काल या आपल्याच चौकटींतून दिसते तेवढेच कळते.

संपूर्ण खात्री कोणत्याच युक्तिवादाने मिळत नाही, हे मान्य करावे लागते. तरीही गोव्यातल्या मांडवी नदीची भरती विचारात घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे कमी चढउताराची भरती, आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे. किनाऱ्यावर कोणी जागे नसले तरी पाणी चढते. पहाटे मांडवीतल्या चोडण बेटाच्या फेरीधक्क्याच्या उतारावर ओली रेघ सापडते. ती रेघही अनुभवच, असे संशयवादी म्हणेल, आणि त्याचे तेवढे म्हणणे खोडता येत नाही. मात्र सगळे मनाचेच असते, तर मनाची अपेक्षा चुकायला नको होती. तिथी मोजताना गफलत झाली की होडी ओहोटीच्या चिखलात रुतून बसते, आणि पुढची भरती येईपर्यंत हलत नाही.