त्रेक्ल्यानो ओस पडलं ते 2007 मुळे नाही

बल्गेरिया 2007 मध्ये युरोपियन युनियनमध्ये गेला, तरुण परदेशी गेले आणि खेडी रिकामी झाली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. त्रेक्ल्यानोपुरतं तरी हे चूक आहे.

सर्बियाच्या सीमेलगतची, क्युस्तेंदिल प्रांतातली ही डोंगराळ ‘ओबश्तिना’, म्हणजे बल्गेरियातला स्थानिक प्रशासनाचा घटक. (नगरपालिका म्हणू नका, इथे शहरच नाही, वीसेक छोटी गावं आहेत.) क्षेत्रफळ सुमारे 258 चौरस किलोमीटर, माणसं हजाराच्याही आत.

गळती खूप आधीची. दुसऱ्या महायुद्धानंतर जमिनी सामूहिक शेतीत गेल्या, पेर्निक या औद्योगिक शहराच्या खाणी-कारखान्यांनी आणि राजधानी सोफियाने कामकरी माणसं आपल्याकडे ओढून घेतली. 1985 मध्ये देशाची लोकसंख्या 89 लाखांवर पोहोचली, तेव्हाही इथली घरं बंदच होत होती. मागे उरले ते बहुतेक म्हातारे.