मॉर्टल कॉम्बॅट (१९९२) : आवृत्तीभेद

मिडवे कंपनीच्या 'मॉर्टल कॉम्बॅट' या मारामारीच्या आर्केड (पार्लरातल्या यंत्रावर नाणे टाकून खेळायच्या) खेळाचा कच्चा आराखडा आणि पुढे एकामागून एक निघालेल्या आवृत्त्या यांतील फरक. प्रोग्रॅम यंत्रातल्या बोर्डावरच्या रॉम चिपांत असे. चिपा बदलल्या की खेळ बदले, बाहेरचा रंगीत खोका मात्र तोच राही. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन पार्लरांत एकाच नावाचा खेळ थोडा निराळा चाले.

शिकागोत एड बून, जॉन टोबायस, जॉन व्होगेल व डॅन फोर्डन या चौघांनी तो सुमारे दहा महिन्यांत उभा केला. नट ज्याँ-क्लोद व्हॅन डॅमला घेण्याचा मूळ बेत फिसकटला. त्याची खूण म्हणून जॉनी केज हे पात्र उरले. सोन्या ब्लेड हे एकमेव स्त्रीपात्र उशिरा दाखल झाले.

सर्वांत दूरवर पोचलेला बदल भोवळीचा. आधी मार खाणारा ऐन लढतीत झिंगे आणि समोरच्याला एक फुकटचा तडाखा मिळे. मारणारा खूश, पण झिंगणाऱ्याचा जळफळाट. म्हणून ती भोवळ शेवटावर नेली: हरलेला डुलत उभा, 'फिनिश हिम' ('संपव त्याला') ही गर्जना, आणि मग 'फेटॅलिटी', म्हणजे हरलेल्याला ठार करणारा शेवटचा डाव. खेळाची सगळी बदनामी आणि निम्मी कीर्ती या एका हलवाहलवीची.

ऑगस्ट १९९२ ते मार्च १९९३ या काळात पहिल्यापासून पाचवीपर्यंत आवृत्त्या निघाल्या. सुरुवातीच्या एका चुकीमुळे केज एकाच प्रतिस्पर्ध्याची तीन मुंडकी उडवू शके. ती दुरुस्त झाली, पण दुसऱ्या भागात मुद्दाम परत आली. तिसऱ्या आवृत्तीत रेप्टाइल हा हिरवा प्रतिस्पर्धी लपवला गेला. पुलाच्या लढतीत चंद्रावरून सावली सरकत असताना, एकही फटका न खाता, बचावाचे बटण न दाबता दोन्ही फेऱ्या जिंकून फेटॅलिटी केली तरच तो भेटे. नवे चित्रण शून्य. स्कॉर्पियन आणि सब-झीरो या खेळातल्या दोन निन्जांच्याच आकृतीला हिरवा रंग दिलेला.

१९९३ मध्ये घरगुती यंत्रांवर येताना सुपर निन्टेन्डोवर रक्ताचा करडा घाम झाला; सेगा जेनेसिसवर संकेत टाकला की रक्त परते.

यंत्राच्या हिशेबाच्या पडद्यावर 'एरमॅक्स' अशी एक ओळ होती. ती खरे तर 'एरर मॅक्रो'ची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकांची मोजणी, पण रेप्टाइल सापडल्यावर कशावरही विश्वास बसायला लोक तयारच होते. या नावाचा लाल निन्जा लपला असल्याची वावडी उठली, आणि १९९५ च्या 'अल्टिमेट मॉर्टल कॉम्बॅट ३' मध्ये एरमॅक नावाचा लाल निन्जा खरोखरच उतरला.