चक्रीवादळ मुंबईच्या कोणत्या बाजूने जाणार?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आले. तिथल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे आणि कौले उडाली, अनेक गावे पुढे कित्येक दिवस विजेविना राहिली; सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर उत्तरेला असलेल्या मुंबईला मात्र त्या मानाने किरकोळ झळ बसली. पुढच्या वर्षी १७ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून, सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावरून, समुद्रातूनच उत्तरेकडे गेले आणि त्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले. महाराष्ट्राच्या भूमीवर त्याचे केंद्र आलेच नाही. तरीही कुलाब्यात ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले, सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला, विमानतळ काही तास बंद ठेवावा लागला आणि शहरभर शेकडो झाडे उन्मळून पडली.

तौक्ते मुळातच निसर्गपेक्षा अधिक तीव्र होते, हे या फरकाचे एक कारण झाले. दुसरे कारण बाजूचे आहे. उत्तर गोलार्धात चक्रीवादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे वादळाच्या वाटचालीच्या उजव्या बाजूला वाऱ्याच्या फिरण्याच्या वेगात वादळाच्या पुढे सरकण्याच्या वेगाची भर पडते, तर डाव्या बाजूला तेवढीच घट होते. निसर्ग मुंबईच्या दक्षिणेला जमिनीवर चढले, म्हणजे मुंबई त्याच्या डाव्या बाजूला राहिली आणि तिथला वारा मुख्यतः जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. तौक्तेच्या वेळी मुंबई उजव्या बाजूला होती. वादळ पश्चिमेला समांतर आले तेव्हा वारा दक्षिणेकडून येत होता, आणि एरवी शांत असणाऱ्या बंदराच्या बाजूला, गेटवे ऑफ इंडियाच्या कठड्यावर, लाटा आदळून त्याची पडझड झाली. जर एखादे तीव्र वादळ वसई-पालघरच्या किनाऱ्यावर चढले, तर मुंबई त्याच्या उजव्या हाताला राहील आणि वारा थेट अरबी समुद्रातून शहरावर येईल. शहराच्या दृष्टीने सर्वांत वाईट शक्यता हीच आहे, आणि तीत वादळाचे केंद्र शहरावरून जावे लागत नाही.

वाऱ्याने किनाऱ्याकडे ढकललेल्या पाण्याचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा आहे. केंद्रातील हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने (हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) उतरला की त्याखालील समुद्राची पातळी साधारण एक सेंटीमीटर वर येते. म्हणजे तीस हेक्टोपास्कलची घट झाली, तरी वाढ केवळ तीसेक सेंटीमीटरची. खरी वाढ वाऱ्यामुळे होते. मुंबईसमोरचा समुद्र पश्चिमेकडे सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत उथळ आहे. खोल समुद्रात वाऱ्याने लोटलेल्या पाण्याला खालून परतण्याची वाट मिळते. उथळ समुद्रात ती मिळत नाही, म्हणून पाणी किनाऱ्याशी साचून चढत जाते. यालाच वादळी लाट म्हणतात, पण ती एकच उंच लाट नसून काही तास टिकणारी पातळीची वाढ असते आणि नेहमीच्या लाटा तिच्यावर स्वार होऊन येतात.

ही वाढ कोणत्या घटकेला येते, यावर मुंबईत जवळपास सारे अवलंबून आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या भरतीला इथले पाणी साडेचार मीटरच्या वर जाते आणि सहा तासांनी ओहोटीला सुमारे चार मीटरने उतरते. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, हा चढउतार बराच कमी असतो. समजा वादळाने दीड मीटरची भर घातली. ती उधाणाच्या ओहोटीवर आली, तर पाणी रोजच्या भरतीच्या रेषेपर्यंतही पोहोचणार नाही. तीच भर सहा तास उशिरा आली, तर वरळी, माहीम, वेसावे आणि मढ येथील कोळीवाड्यांतील तळमजल्यांत समुद्र शिरेल. म्हणूनच वादळाच्या बातमीत वाऱ्याच्या वेगाइतकेच ठळकपणे त्या दिवशीच्या भरतीच्या वेळा आणि उंची सांगितली पाहिजे, असे मला आग्रहाने वाटते.

मग बाजू आणि घटका आधी कळते का? काही अंशी कळते. भारतीय हवामान विभाग उपग्रह, समुद्रातील तरंगते बोये, किनाऱ्यावरील डॉप्लर रडार आणि संगणकीय प्रारूपे यांच्या आधारे चार टप्प्यांत सूचना देतो: पहिली पूर्वसूचना ७२ तास आधी, पिवळा इशारा किमान ४८ तास आधी, नारिंगी २४ तास आधी आणि शेवटचा, जमिनीवर आल्यानंतरच्या परिणामांचा लाल इशारा १२ तास आधी. गेल्या काही वर्षांत हे अंदाज फार सुधारले आहेत. तरीही केंद्राच्या जागेतील सरासरी चूक २४ तास आधी सुमारे ७५ किलोमीटर असते आणि ७२ तास आधी त्याच्या दुपटीच्या आसपास. श्रीवर्धन ते पालघर हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे तीन दिवस आधी मुंबई वादळाच्या डाव्या बाजूला राहील की उजव्या, हे खात्रीने सांगता येत नाही, आणि नेमकी त्याच वेळी सर्वांत वेळखाऊ कामे हाती घ्यावी लागतात. खात्री होईपर्यंत थांबणाऱ्याच्या हाती ती कामे करण्याइतका वेळ उरत नाही.

यातले पहिले काम समुद्रातील माणसांना परत आणण्याचे. किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरवर असलेला ट्रॉलर ताशी पंधरा किलोमीटरने निघाला, तरी त्याला बंदर गाठायला तेरा-चौदा तास लागतात. त्याआधी जाळी ओढून घ्यावी लागते आणि समुद्र खवळू लागला की हा वेगही राहत नाही. किनाऱ्यावरून व्हीएचएफ रेडिओवर दिलेल्या संदेशाचा पल्ला ४०-५० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणून त्यापलीकडच्या बोटींना तटरक्षक दलाची विमाने आणि जहाजे शोधून सूचना देतात. महाराष्ट्रातील मासेमारी बंदी १ जूनला सुरू होते. तौक्ते तिच्या दोन आठवडे आधी आले. अरबी समुद्रातील वादळांचा दुसरा हंगाम तर ऐन मासेमारीच्या दिवसांत, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनारा ओलांडणारे फयान याच काळातले. त्यामुळे बंदरावर वादळी हवामानाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढण्यापूर्वीच, पहिल्या पूर्वसूचनेबरोबर, दूरच्या बोटींना माघारी बोलावणे हाच सुरक्षित मार्ग आहे. दोन दिवसांची मासळी बुडते, आणि ती झळ तांडेल-खलाशांच्या घरांना खरोखर बसते. तिची भरपाई देण्याची ठरलेली व्यवस्था असेल, तर बोलावणे मानणे सोपे जाईल.

मच्छीमारांखेरीज मुंबई हायच्या तेलक्षेत्रातही माणसे असतात. १७ मे २०२१ रोजी तिथे पी-३०५ या तराफ्याचे (बार्जचे) नांगर सुटले आणि तो बुडाला. त्यावरील आणि वरप्रदा या टगबोटीवरील मिळून सत्तरहून अधिक जणांचा मृत्यू झाला. नौदल आणि तटरक्षक दलाने खवळलेल्या समुद्रातून अनेकांना वाचवले, पण अशा समुद्रात सुटका किती दुष्कर असते, याची त्या रात्री देशाला जाणीव झाली.

जमिनीवरच्या कामांची मुदत केंद्र किनाऱ्यावर येण्याच्या वेळेवरून मोजणे चुकीचे ठरते. जोराचे वारे केंद्राच्या कित्येक तास आधी येतात. वारा ताशी पन्नास-साठ किलोमीटरवर गेला की झाडांच्या फांद्या छाटणे, उंचावरचे पत्रे बांधणे, परांची उतरवणे ही कामे जीवावर बेतणारी होतात. ती त्याआधीच संपली पाहिजेत. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी शंभर किलोमीटरचा वारा उभ्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर जवळपास ४८ किलोचा भार टाकतो. ४० फूट बाय ४० फुटांच्या जाहिरात फलकावर हा भार सात टनांच्या घरात जातो. निम्म्या वेगाला तो पावणेदोन टनांच्या आसपास असतो. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पडलेला फलक याहून पुष्कळ मोठा होता, आणि त्या दिवशी चक्रीवादळ नव्हते, वळवाच्या पावसाआधीची वावटळ होती. त्यात सतरा जणांचे प्राण गेले. बांधकामाच्या उंच क्रेन मात्र जखडून ठेवायच्या नसतात. त्यांचा आडवा दांडा वाऱ्याबरोबर मोकळा फिरू दिला, तर क्रेनवरचा ताण कमी होतो.

घरांतल्या खिडक्यांबाबत दोन समजुती अजून टिकून आहेत. काचेवर चिकटपट्टी लावल्याने काच मजबूत होत नाही. आणि दाब समान राहावा म्हणून खिडकी उघडी ठेवणे तर घातकच, कारण आत शिरलेला वारा छताला खालून रेटतो, त्याच वेळी वरून वाहणारा वारा त्याला ओढून घेत असतो आणि पत्र्याचे हुक बोल्ट उपटले जातात.

सखल भागातील पावसाचे पाणी नाल्यांतून समुद्रात जाते, पण बहुतेक पातमुखे, म्हणजे नाल्यांची समुद्राकडची तोंडे, मोठ्या भरतीच्या पातळीखाली असल्याने भरतीच्या वेळी झडपा बंद ठेवून हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह यांसारख्या उदंचन केंद्रांतून पाणी उपसावे लागते. समुद्राची पातळी वादळाने वाढलेली असेल, तर झडपा अधिक काळ बंद राहतात आणि सारा भार पंपांवर येतो. त्यामुळे या केंद्रांची वीज आणि पर्यायी जनित्रे आदल्या दिवशी तपासणे ही नालेसफाईइतकीच महत्त्वाची बाब आहे. स्थलांतर करताना प्राणवायूवर किंवा डायलिसिसवर असलेल्या रुग्णांना सर्वांत आधी हलवावे लागते. निसर्गच्या आदल्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातील तात्पुरत्या कोविड केंद्रातील रुग्ण असेच दुसरीकडे नेण्यात आले होते.

वादळ मुंबईच्या वायव्येला पोहोचले की वारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे समुद्राकडून येऊ लागतो, आणि पहिल्या भरतीनंतर साधारण साडेबारा तासांनी दुसरी येते. पाऊस थांबलेला दिसला, तरी ही दुसरी भरती उतरेपर्यंत कोळीवाड्यांतील कुटुंबांनी तळमजल्यावरच्या घरी परतू नये, पाणी शिरलेल्या घरातील मुख्य स्वीच वायरमनने तपासल्याशिवाय चालू करू नये, आणि महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर पडलेली झाडे व लोंबकळणाऱ्या तारा कळवाव्यात.