खपलीची ओंबी का झडत नाही

परवा परत तो फॉरवर्ड आला, "खपली म्हणजे माणसाचा हात न लागलेला मूळ गहू". खपलीची खीर मला मनापासून आवडते, पण हे वाक्य साफ चुकीचं आहे, आणि का चुकीचं ते सांगायचं तर माणूस शिकार आणि कंदमुळं सोडून शेतीकडे कसा वळला तिथपर्यंत मागे जावं लागतं.

खपली म्हणजे एमर गहू. त्याचा जंगली पूर्वज आजही इस्रायल, सीरिया, आग्नेय तुर्कस्तानातल्या डोंगरउतारांवर आपला आपण उगवतो. तिकडची माणसं शेतीच्या कितीतरी आधीपासून तो खायची, गॅलिली सरोवराकाठी ओहालोला 23 हजार वर्षांपूर्वीच्या झोपड्यांत जंगली गहू आणि जवाचे दाणे सापडलेत. त्यामुळे कुणाला तरी एके दिवशी पेरणीची आयडिया सुचली, हे चित्र डोक्यातून काढूनच टाका.

आता खरी गंमत बघा. जंगली ओंबी पिकली की तिचा कणा प्रत्येक पेरापाशी आपोआप तुटतो आणि दाणे तुसासकट खाली पडतात. प्रत्येकाला दोन लांब कुसळं असतात, ती दिवसा कोरड्या हवेत बाहेर वाकतात, रात्री दमट हवेत सरळ होतात, आणि त्यांच्यावरचे बारीक काटे एकाच दिशेला असल्यामुळे या हालचालीने दाणा हळूहळू मातीत शिरतो. म्हणजे झाड स्वतःच पेरणी करतं!

कधीतरी जीनमध्ये बिघाड होतो आणि कणा तुटतच नाही. (जवात शेजारशेजारच्या दोन जीनपैकी एक बिघडला तरी पुरतं, पण एमरमध्ये सगळ्या जीनचे दोन वेगळे संच असतात, म्हणून दोन्हीकडे बिघाड लागतो.) जंगलात असं झाड वाया गेलं, कारण दाणे ओंबीतच अडकून राहतात. पण माणूस विळा घेऊन आला की झडलेले दाणे मातीत जातात, न झडलेल्या ओंब्या घरी येतात, आणि त्यातलंच बी पुढच्या वर्षी नव्या जमिनीत पेरलं की त्यांचं प्रमाण वाढत जातं. खपली ही अशी माणसाच्या हातून घडलेली आहे, तिला मळणी लागते, पेरणी लागते. आणि हो, तिच्यात ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) असतं, सीलियाक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांनी 'मूळ गहू' आहे म्हणून ती खाऊ नये.

1990 साली हिलमन आणि डेव्हिस या संशोधकांनी हिशोब मांडला की सगळं जुळून आलं तर हा बदल 20 ते 200 वर्षांत होऊ शकतो. पण कच्च्या ओंब्या कापल्या किंवा टोपलीत झटकून दाणे गोळा केले, तर ही निवड होतच नाही. उत्खननातल्या जळक्या दाण्यांच्या तुसाचं बूड भिंगाखाली बघतात, आपोआप झडलेल्याचा व्रण गुळगुळीत असतो, मळून तोडलेल्याचा खडबडीत. आणि हे खडबडीत व्रण वाढत वाढत बहुसंख्य व्हायला हजार वर्षांहूनही जास्त काळ गेलेला दिसतो.