पार्श्वभूमी : आमवाताच्या मोजणीतून सुटलेली पावले

सोलापुरात ‘संधिवात’ हा शब्द वयाने झिजलेल्या गुडघ्यालाही लावला जातो आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटल्याने होणाऱ्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसलाही. या दुसऱ्या आजारासाठी ‘आमवात’ हे नाव रूढ झाले असले, तरी सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराच्या संस्कृत निदानग्रंथातील आमवात आणि १८५९ मध्ये इंग्रजी नाव मिळालेला हा आजार तंतोतंत एकच आहेत, असे म्हणता येत नाही. मात्र त्या जुन्या वर्णनात दुखऱ्या सांध्यांमध्ये हातांबरोबर पाय आणि घोटेही सांगितलेले आहेत, आणि पुढे जे घडले त्यामुळे ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी ठरते.

१९८० च्या दशकात आठवड्यातून एकदा घ्यायचे मेथोट्रेक्सेट हे या आजारावरचे औषध सर्वत्र वापरात येऊ लागले, तेव्हा औषधाचा गुण नेमका किती आला हे आकड्यांत मांडण्याची गरज वाढली. त्याआधी दुखरे सांधे ६८ पर्यंत मोजले जात. १९९५ मध्ये पुढे आलेल्या सुटसुटीत मापनात ही संख्या २८ वर आणली गेली. त्यात खांदे, कोपरे, मनगटे, हातांच्या बोटांचे २० सांधे आणि गुडघे राहिले, तर घोटे आणि पावले पूर्णपणे वगळली गेली. पावलांवरची सूज इतर कारणांनीही येते, ती बोटांनी नीट चाचपता येत नाही आणि २८ सांध्यांवरूनही एकूण आजाराचा अंदाज जवळपास तितकाच बरोबर येतो, ही त्यामागची कारणे होती. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटे वाचणे ही लहान गोष्ट नव्हे, हेही मान्य करावे लागेल. तरीही अनेक रुग्णांचा आजार पावलांच्या लहान सांध्यांतच सुरू होतो आणि क्ष-किरण चित्रात हाडाची पहिली झीज पुष्कळदा पायाच्या करंगळीच्या मुळाशी दिसते, हे ठाऊक असताना नेमकी पावलेच सोडणे हा निर्णय रुग्णांना महाग पडला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कागदावर आजार शांत झालेला दिसावा आणि चवड्याची सूज मात्र तशीच असावी, अशी स्थिती त्यातून निर्माण होत राहिली. हा आजार कोणता रुग्ण धरायचा हे ठरवणाऱ्या २०१० च्या वर्गीकरणात पायाच्या दुसऱ्या ते पाचव्या बोटाच्या मुळाचे सांधे मोजणीत धरले गेले; अंगठ्याचे मूळ मात्र वगळले गेले, कारण तेथे साधी झीज वारंवार आढळते. २०११ मध्ये आजार शमल्याचे निकष ठरवताना घोटे आणि पावलेही तपासणे श्रेयस्कर आहे, अशी शिफारस जोडली गेली. ती शिफारसच राहिली, अट झाली नाही.

दरम्यान पावलात जे व्हायचे ते होत असते. बोटे वर उचलली जाऊन वाकतात, चवड्याखालची चरबीची गादी पुढे सरकते आणि उघडी पडलेली हाडांची टोके जमिनीवर टेकू लागतात. तेथे घट्टे येतात आणि खड्यांवरून चालल्यासारखे वाटते. पोटरीकडून आतल्या घोट्यामागून उतरणारा स्नायुबंध सैल पडला, की पावलाची कमान बसते आणि टाच बाहेरच्या बाजूला कलते.

सोलापुरात विड्या वळणाऱ्या स्त्रिया मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास जमिनीवर बसतात. आमवात झालेल्या बाईला तेथून उठताना एक हात भिंतीला आणि दुसरा गुडघ्यावर टेकावा लागतो. चवड्यावर भार घेता येत नाही म्हणून ती टाचेवर जोर देऊन उभी राहते आणि पहिली काही पावले पाय घासतच टाकते. कुष्ठरोग्यांच्या सुन्न पावलांसाठी वापरली जाणारी मऊ तळाची एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे सूक्ष्म पोकळ्यांच्या रबराची) चप्पल अशा रुग्णांनाही सुचवली जाते आणि तिचा उपयोगही होतो. परंतु पादत्राणांविषयीचा बराचसा वैद्यकीय सल्ला घरातही बूट घालणाऱ्या देशांत तयार झाला आहे. येथे चप्पल उंबऱ्याबाहेर निघते, आणि स्वयंपाक, धुणी व देवघर यांतला दिवसाचा मोठा भाग अनवाणी पायांनी कडक शहाबादी फरशीवर जातो. म्हणून घरात वापरण्यासाठी वेगळा, धुतलेला जोड ठेवण्यास सांगितले जाते. तो स्वयंपाकघरात चालेल की नाही, हे मात्र बहुतेक घरांत सासूबाई ठरवतात.