डी क्वेर्व्हेन विकार

डी क्वेर्व्हेन विकार : अंगठ्याच्या बाजूला मनगटात होणारा कंडरांचा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोरांचा) वेदनादायक विकार. अंगठा बाहेर ताणणारी व सरळ करणारी अशा दोन कंडरा मनगटाच्या हाडावरील खोबणीतून, एका चिवट पट्ट्याखालून जातात. हा पट्टा जाड झाला की वाट अरुंद होते आणि अंगठा हलवताच कंडरा तीत घासतात. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ मध्ये याचे वर्णन केले. यास दाह म्हणण्याची रूढी असली, तरी पट्ट्यात झिजेच्याच खुणा अधिक आढळतात.

हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत, विशेषतः बाळंतपणानंतर, अधिक आढळतो. अंगठे फाकवून बाळाला त्याच्या दोन्ही बगलांत धरून वारंवार उचलणे हे त्याचे नेहमीचे निमित्त. मराठवाड्यात त्याचा विचार कापूस वेचणीला सोडून करता येत नाही. परभणी, जालना, बीड या जिल्ह्यांत दसऱ्यानंतर वेचणी सुरू होते. उमललेल्या बोंडातील कापूस चिमटीत धरायचा, मनगटाला किंचित पीळ देत ओढायचा आणि ओटीत टाकायचा, ही एकच हालचाल वेचणारी बाई दिवसभर करते. तोच हात संध्याकाळी भाकरी थापतो आणि धुणे पिळतो. मजुरी किलोवर मिळत असल्याने ‘शीर आखडली’ म्हणून दुखणे अंगावर काढले जाते, आणि उपचार लांबण्याचे खरे कारण हेच आहे.

अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीकडे वाकवल्यास तीव्र कळ येते. ही चाचणी फिंकेलस्टाइन या डॉक्टरांच्या नावाने ओळखली जात असली, तरी मुठीची ही पद्धत मुळात आइखोफ या दुसऱ्या डॉक्टरांची होय.

उपचारात अंगठ्याला विश्रांती महत्त्वाची. नुसती मनगटाला गुंडाळलेली पट्टी पुरत नाही, कारण अंगठा मोकळाच राहतो. अंगठ्यासह आधार देणारी पट्टी काही आठवडे वापरावी लागते. कंडरांच्या आवरणात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने बहुतेकांना आराम पडतो, मात्र त्या जागेची त्वचा कधी फिकट पडते व मधुमेह्यांची साखर काही दिवस वाढते. काहींच्या खोबणीत आडपडदा असतो व तिचे दोन कप्पे झालेले असतात. औषध एकाच कप्प्यात गेल्यास गुण येत नाही. अशा वेळी जागा बधिर करून पट्टा उघडण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात, तीत अंगठ्याच्या पाठीला संवेदना देणारी मज्जातंतूची शाखा जपावी लागते. बाळंतिणीने बाळाला उचलताना एक तळवा ढुंगणाखाली व दुसरा मानेमागे ठेवल्यास अंगठ्यांवर भार येत नाही.